द्रोह कोणाचा?

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें आमच्या पुस्तकावर कठोर परीक्षण लिहिलें. तें वाचून आम्ही घरीं उद्गारलों, "कृतघ्न आहे झालें!" जवळच बसलेल्या आमच्या कन्येनें विचारलें, "पण बाबा, त्यानें लिहिलेलें खोटें आहे का?" खोटें नव्हतें. निष्ठाभंगाच्या शब्दांचा विचार आम्ही तेव्हांपासून करूं लागलों.

हे शब्द सामान्यतः एकमेकांचे पर्याय समजले जातात. परंतु प्रत्येकाची फिर्याद निराळी आहे. 'कृतघ्न' म्हणजे केलेल्या उपकाराचा घात करणारा. 'नमकहराम' या शब्दांत फारसी मीठ व अरबी निषेध एकत्र आले आहेत. खाल्ल्या मिठाला न जागणें हा त्याचा दोष. 'विश्वासघाता'स उपकाराची अट नाहीं. बरोबरीचा मित्र किंवा भागीदारहि तो करूं शकतो. मात्र आधीं विश्वास टाकलेला असावा लागतो. बंड आणि फितुरी यांत तर मोठेंच अंतर आहे. बंडखोर निशाण बदलून समोर उभा राहतो. फितूर मनुष्य जुनेंच निशाण खांद्यावर ठेवून रात्रीं दरवाजाची कडी काढतो.

'द्रोह' हा शब्द मात्र एकटा अपुरा आहे. मित्राचा, स्वामीचा कीं देशाचा, हें सांगितल्यावांचून त्याला पूर्ण अर्थ येत नाहीं. १८७० सालीं इंग्रज सरकारनें दंडसंहितेंत १२४-अ हें कलम घातलें. त्याच कलमाखालीं लोकमान्य टिळकांस १८९७ सालीं अठरा महिन्यांची आणि १९०८ सालीं सहा वर्षांची शिक्षा झाली. सरकारदृष्ट्या तो राजद्रोह होता. लोकांच्या दृष्टीनें तीच देशनिष्ठा होती. 'राजद्रोह' या शब्दानें फिर्यादी कोण एवढेंच कळलें. अपराध झाला कीं नाहीं, हें कळलें नाहीं.

मग निष्ठा हा केवळ दृष्टिकोनाचा प्रश्न आहे काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. बिभीषणाला लोक घरभेदी म्हणतात. परंतु रावणाची चूक त्यानें त्याच्या तोंडावर सांगितली आणि मग उघडपणें लंका सोडली. त्यानें भावाचा त्याग केला असें म्हणतां येईल, फितुरी केली असें म्हणतां येणार नाहीं. एकाचें अन्न खात, त्याचा विश्वास वापरीत, गुप्तपणें दुसऱ्याचें काम करणें हें मात्र कोणत्याहि बाजूनें पाहिलें तरी नीच कर्मच होय. मतभेद हा द्रोह नव्हे. छपवणूक ही द्रोहाची खूण आहे.

या कसोटीवर आमचा विद्यार्थी निर्दोष ठरतो. परीक्षणाखालीं त्याचें नांव स्पष्ट छापलेलें होतें. ग्रंथ बारकाईनें वाचावा व भीड न धरतां लिहावें, हें त्याला आम्हींच शिकविलें होतें. त्यानें त्या शिकवणीचा घात केला नाहीं, ती पाळली. 'कृतघ्न' म्हणतांना आम्हांस त्याची कृतज्ञता नको होती, त्याचें मौन हवें होतें! वडीलधाऱ्यांच्या, धन्याच्या आणि सत्ताधाऱ्यांच्या तोंडीं हे शब्द येतात तेव्हां पुष्कळदां हाच हेतु असतो.

पुढें आम्हीं त्यास पत्र लिहिलें, आणि दुसऱ्या आवृत्तींत त्यानें दाखविलेल्या तीन चुका दुरुस्त केल्या.