शस्त्राची हौस आणि जिवाची अमानत

परम दयाळू, परम कृपाळू अल्लाहच्या नावाने.

दिव्य कुरआनच्या सूरह अल-अन्फालमध्ये शस्त्रबळाविषयी तीन आदेश अगदी जवळजवळ आले आहेत. आयत 60 मध्ये ईमानधारकांच्या समुदायाला संरक्षणासाठी सामर्थ्य सज्ज ठेवण्यास सांगितले आहे. लगेच पुढच्या आयतीत, समोरचा पक्ष सलोख्याकडे झुकला तर तुम्हीही झुका, असा आदेश आहे. आणि या दोन्हींच्या आधी, आयत 47 मध्ये, ज्यांनी गर्वाने फुगून व लोकांना दाखविण्यासाठी घराबाहेर पाऊल टाकले त्यांच्यासारखे होऊ नका, अशी ताकीद आहे.

ही ताकीद कोणाच्या संदर्भात आली, हे समजून घेण्यासारखे आहे. हिजरी सन 2 मध्ये कुरैशचा व्यापारी काफिला सुरक्षित निसटला होता. ज्या कारणासाठी मक्केची फौज निघाली ते कारणच उरले नव्हते. तरीही अबू जहल परतायला तयार झाला नाही. बदरच्या पाणवठ्यावर तीन दिवस मुक्काम करू, उंट कापू, मद्य व गाणे-बजावणे होऊ दे, म्हणजे साऱ्या अरबस्तानात आपला दरारा बसेल, असा त्याचा हट्ट होता. चरित्रग्रंथांत हा प्रसंग नोंदलेला आहे. गरज नसताना केवळ दरारा बसविण्यासाठी मिरविलेले शस्त्र अल्लाहला किती अप्रिय आहे, हे यावरून कळते. अबू जहल त्याच मैदानावर मारला गेला.

आजचा तरुण हातात पिस्तूल धरून मोबाइलसमोर उभा राहतो, मागे गाणे लावतो, तलवारीने वाढदिवसाचा केक कापतो आणि ती चित्रफीत साऱ्या गावाला दाखवतो, तेव्हा तो कोणाच्या परंपरेत उभा असतो? हा प्रश्न प्रत्येक आई-वडिलांनी स्वतःला विचारावा.

आपल्या दारापर्यंत आलेली गोष्ट

हा विषय दूरदेशीचा आहे असे कोणी समजू नये. येवला हे हातमागाचे आणि पैठणीचे गाव. 5 जुलै 2022 रोजी याच येवल्याच्या औद्योगिक वसाहतीच्या परिसरात, अफगाणिस्तानातून आश्रयाला आलेल्या आणि सूफी बाबा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका तरुण माणसाची गोळी झाडून हत्या झाली. बातमी पसरताच तिला धार्मिक रंग देणाऱ्या अफवाही उठल्या. परंतु नाशिक ग्रामीण पोलिसांनी प्रारंभीच सांगितले की, यामागे धार्मिक वैर नसून पैसा व मालमत्तेचा वाद असल्याचे दिसते, आणि संशयाची सुई त्याच्या जवळच्याच माणसांकडे वळली.

मालमत्तेचे वाद पूर्वीही होते. भाऊ भावाशी बोलेनासा होई, पंच बसत, कोर्टाची पायरी चढावी लागे. पण वादात बंदूक शिरली की मध्यस्थाला वेळच उरत नाही. राग शांत होण्यास जो एक दिवस, एक रात्र, एक नमाज पुरेशी झाली असती, ती सवड बंदूक देत नाही.

बीड जिल्ह्याचे उदाहरणही ताजे आहे. डिसेंबर 2024 मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची निर्घृण हत्या झाली. ती हत्या गोळीने झाली नव्हती. पण तिच्यानंतर जिल्ह्यातील दहशतीची चर्चा सुरू झाली तेव्हा एकट्या बीडमध्ये बाराशेहून अधिक शस्त्रपरवाने असल्याचे समोर आले. कमरेला पिस्तूल लावून फिरणारे आणि हवेत गोळ्या झाडणारे यांच्या चित्रफिती लोकांनी पाहिल्या. प्रशासनाला शंभराहून अधिक परवाने रद्द करावे लागले. परवाना मागताना कारण लिहिले जाते जिवाच्या रक्षणाचे. प्रत्यक्षात कित्येकांनी ते शस्त्र प्रतिष्ठेचा दागिना म्हणून वापरले. विनापरवाना शस्त्राची गोष्ट तर वेगळीच. महाराष्ट्र-मध्य प्रदेश सीमेवरील उमर्टी परिसरातून येणाऱ्या गावठी कट्ट्यांचा उल्लेख आपल्याकडील पोलीस कारवायांत वारंवार येतो. असा कट्टा घरात आणणारा मुलगा संरक्षण आणत नाही. तो आपल्या आई-वडिलांसाठी पोलीस ठाण्याची वाट आणतो.

शस्त्राचे अदब

इस्लामने शस्त्राला मुळातच निषिद्ध ठरविलेले नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तिरंदाजी शिकण्यास उत्तेजन दिले. स्वतःचा जीव, कुटुंब व मालमत्ता यांच्या रक्षणाचा हक्क शरीअतने मान्य केला आहे, तसा तो देशाच्या कायद्यानेही मान्य केला आहे. परंतु त्याचबरोबर प्रेषितांनी (स.) शस्त्राभोवती अदबाची जी कुंपणे घातली, ती पाहिली की मन थक्क होते.

मशिदीतून किंवा बाजारातून बाण घेऊन जाणाऱ्याने त्यांची टोके हातात झाकून धरावीत, कोणाला ओरखडाही उठू नये, असे त्यांनी फर्मावले. उपसलेली तलवार एकाने दुसऱ्याच्या हाती देण्यास मनाई केली; आधी ती म्यान करावी. आपल्या भावाकडे शस्त्र रोखून इशारा करू नये, कारण कदाचित सैतान हाताला हिसका देईल आणि माणूस नरकाच्या खड्ड्यात जाऊन पडेल, असा इशारा बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आला आहे. सहीह मुस्लिममधील दुसऱ्या एका कथनात तर असे करणाऱ्यावर फरिश्त्यांचा शाप असल्याचे सांगितले आहे, मग तो समोरचा सख्खा भाऊ का असेना. म्हणजे ‘गंमत केली’ ही सबब येथे चालत नाही.

अबू दाऊद यांच्या संग्रहातील एक प्रसंग याहून बोलका आहे. प्रवासात एक सहाबी झोपले होते. दुसऱ्याने थट्टेने त्यांची दोरी उचलली आणि ते दचकून उठले. एवढ्या साध्या गोष्टीवर प्रेषितांनी (स.) स्पष्ट केले की, मुस्लिमाने दुसऱ्या मुस्लिमाला घाबरविणे वैध नाही. केवळ दोरीची ही गोष्ट! मग ज्याच्या हातातले पिस्तूल पाहून गल्लीतली लेकरे भिंतीला चिकटतात, शेजारची म्हातारी दार लावून घेते, त्याच्या हिशेबाचे काय होईल?

जाहिरात काय विकते?

आपल्या देशात बंदुकीच्या जाहिराती उघडपणे दिसत नाहीत. अमेरिकेत त्या दिसतात, आणि त्यातून काय घडते याचा धडा साऱ्या जगासमोर आहे. 14 डिसेंबर 2012 रोजी तेथील कनेक्टिकट राज्यातील सँडी हूक या प्राथमिक शाळेत 20 वर्षांच्या तरुणाने 20 बालके आणि 6 कर्मचारी यांना ठार केले. त्याच्या हाती होती अर्धस्वयंचलित रायफल, म्हणजे प्रत्येक वेळी चाप ओढताच गोळी सुटते आणि पुढची गोळी आपोआप भरली जाते. ती रायफल त्याच्या आईने कायदेशीररीत्या विकत घेतली होती. त्या दिवशी सर्वांत आधी बळी गेला तो त्या आईचाच.

त्या रायफलीची एक जाहिरात पुरुषत्वाला आव्हान देणारी होती. ही बंदूक घेतली की मर्द असल्याचा दाखला तुला पुन्हा मिळाला, असा तिचा आशय. शाळेत जीव गमावलेल्या नऊ जणांच्या कुटुंबीयांनी कंपनीच्या याच जाहिरातबाजीवर बोट ठेवून दावा लढविला आणि फेब्रुवारी 2022 मध्ये 7 कोटी 30 लाख डॉलरची तडजोड झाली.

यातून एक गोष्ट उघड होते. जाहिरातदार लोखंड विकत नाही. तो दोन भावना विकतो, भीती आणि फुशारकी. आधी सांगतो, तू असुरक्षित आहेस. मग सांगतो, हे घे म्हणजे सारे तुला घाबरतील. आपल्याकडे हेच काम दुकानाऐवजी चित्रफिती, गाणी, सिनेमाची भित्तिपत्रके आणि चौकातले वाढदिवसाचे फलक करतात. पंजाब सरकारने नोव्हेंबर 2022 मध्ये शस्त्रांच्या जाहीर प्रदर्शनावर व बंदुकीचा गौरव करणाऱ्या गाण्यांवर बंदी घातली, ती याच अनुभवातून. आपल्या संसदेनेही 2019 च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाकडील बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि आनंदोत्सवात गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा ठरविल्या.

इस्लामी धर्मशास्त्राने हा मुद्दा फार पूर्वी ओळखला होता. इमाम बुखारी यांनी फितन्याच्या काळातील शस्त्रविक्री या विषयावर स्वतंत्र प्रकरण बांधले असून, हजरत इमरान बिन हुसैन (रजि.) ती नापसंत करीत असत याची त्यात नोंद आहे. सूरह अल-माइदाच्या दुसऱ्या आयतीत पाप व अत्याचाराच्या कामी सहकार्य करण्यास मनाई आहे. जो शस्त्र विकत नाही, पण शस्त्राच्या चित्रफितीला पसंती देऊन ती चार जणांना पाठवितो, त्यानेही या आयतीच्या प्रकाशात स्वतःला तपासावे.

नळीच्या समोर उभे राहिल्यावर

15 मार्च 2019 हा जुम्याचा दिवस होता. न्यूझीलंडच्या ख्राइस्टचर्च शहरातील अन-नूर व लिनवुड या दोन मशिदींत एका वंशद्वेष्ट्याने 51 जणांना शहीद केले. मृतांत गुजरात, हैदराबाद व केरळमधून तेथे गेलेल्या कुटुंबांतील माणसेही होती. मारेकऱ्याकडे बंदुकीचा परवाना होता आणि त्याच्याही हाती अर्धस्वयंचलित रायफली होत्या. त्याने ते हत्याकांड इंटरनेटवर थेट दाखविले, कारण त्यालाही मारण्याइतकेच मिरवायचे होते. महिना उलटण्याआधीच, 10 एप्रिल रोजी, तेथील संसदेने 119 विरुद्ध 1 मतांनी अशा बहुतेक शस्त्रांवर बंदी घातली आणि त्यानंतर लोकांनी 50 हजारांहून अधिक बंदुका मोबदला घेऊन परत केल्या.

नमाजासाठी उभ्या असलेल्या माणसावर रोखलेली नळी कशी असते, हे ज्या उम्मतने पाहिले, तिच्याच घरातल्या मुलाला ती नळी हाती धरून छायाचित्र काढावेसे वाटावे, याहून दुःखाची गोष्ट कोणती?

काही तरुण म्हणतात, “दिवस वाईट आहेत, आपल्यापाशी काही तरी असायला हवे.” त्यांची भीती खोटी आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु भीतीवरचा उपाय तपासून घ्यावा लागतो. खरोखर धोका असेल तर कायद्याने तक्रारीचा, संरक्षणाचा व परवान्याचा मार्ग ठेवला आहे. चोरून घेतलेला कट्टा धोका टाळत नाही. तो निरपराधाला आरोपी बनवितो आणि साऱ्या मोहल्ल्याला संशयाच्या छायेत उभे करतो. हिजरी सन 35 मध्ये बंडखोरांनी हजरत उस्मान (रजि.) यांच्या घराला वेढा दिला, तेव्हा रक्षणासाठी धावून आलेल्यांना त्यांनी तलवारी म्यान करावयास सांगितल्या. आपल्यासाठी मदिनेत रक्त सांडू नये, ही त्यांची इच्छा होती. त्यांना भित्रे म्हणण्याची कोणाची प्राज्ञा आहे?

खरा मर्द कोण?

प्रेषितांनी (स.) बलवानाची व्याख्याच बदलून टाकली. कुस्तीत दुसऱ्याला चीत करणारा बलवान नव्हे. रागाच्या क्षणी जो स्वतःला आवरतो तो बलवान. जाहिरातीने दिलेला मर्दपणाचा दाखला पैसे देऊन मिळतो. हा दाखला मात्र रोज मनाशी लढून मिळवावा लागतो.

म्हणून बंधू-भगिनींनो, काही गोष्टी आजच घरात ठरवू या. मुलाच्या मोबाइलमध्ये तो कोणाला आदर्श मानतो, हे प्रेमाने विचारा. ईदीच्या पैशांतून खेळण्यातली बंदूक आलीच, तर ती माणसावर रोखायची नाही, हे हदीसच्या आधारे समजावून सांगा; अदब खेळापासूनच लागतो. निकाहाच्या वरातीत शस्त्र दिसले तर वडीलधाऱ्यांनी तेथेच ते थांबवावे. घरात परवानाधारी शस्त्र असेल तर ते कुलपात, लेकरांच्या नजरेआड ठेवावे. आणि जमिनीचा वा पैशांचा वाद पेटत असेल तर तो वाढण्याआधीच जाणत्या माणसांनी मध्ये पडावे, कारण सूरह अल-हुजुरातच्या दहाव्या आयतीने भावाभावांत समेट घडविणे हे ईमानधारकांचे कर्तव्य ठरविले आहे.

सूरह अल-माइदाच्या आयत 32 मध्ये एका निरपराध जिवाची हत्या साऱ्या मानवजातीच्या हत्येसमान आणि एका जिवाचे रक्षण साऱ्या मानवजातीच्या रक्षणासमान म्हटले आहे. जीव ही अल्लाहची अमानत आहे, आपलाही आणि समोरच्याचाही. कियामतच्या दिवशी माणसामाणसांतील व्यवहारांपैकी सर्वप्रथम रक्ताचाच निवाडा होणार आहे.

हे अल्लाह, आमच्या मुलांच्या हातांना कोणाच्याही रक्तापासून दूर ठेव. त्यांच्या मनातली भीती तुझ्यावरील विश्वासाने आणि त्यांच्या मनातला गर्व तुझ्या भयाने दूर कर. आमच्या गावांत शांती नांदू दे. आमीन.