देणाऱ्याने अट घालावी काय?

गोंदिया जिल्हा हा धानाचा मुलूख. 'एचएमटी' हे तांदळाचे नाव येथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. मात्र ते वाण कोणी निवडले, या प्रश्नाला पुष्कळांपाशी उत्तर नसते. पूर्व विदर्भातीलच चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावी दादाजी रामाजी खोब्रागडे या अल्पभूधारक शेतकऱ्याने १९८३ साली आपल्या धानात तीन वेगळ्या लोंब्या हेरल्या आणि वर्षानुवर्षे निवड करून हा बारीक तांदूळ सिद्ध केला. बियाणे गावोगाव पसरले. पुढे कृषी विद्यापीठाने ते शुद्ध करून १९९८ मध्ये 'पीकेव्ही एचएमटी' या नावाने प्रसारित केले. २००५ साली राष्ट्रपतींच्या हस्ते दादाजींचा गौरव झाला. तरी २०१८ मध्ये ते निवर्तले, ते हलाखीतच.

उदारपणे देणाऱ्याने अट घालावी काय? आमच्या मनाचा पहिला कौल 'नाही' असाच पडतो. अट आली की दान संपले आणि व्यवहार सुरू झाला, असे आपण मानतो.

योगायोग असा, की त्याच १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी संगणकाच्या आज्ञावली सर्वांना खुल्या असाव्यात, म्हणून 'जीएनयू' प्रकल्प जाहीर केला. १९८९ मध्ये त्यांनी त्यासाठी एक परवाना सिद्ध केला. आज्ञावली वापरा, तपासा, बदला, वाटा, विकासुद्धा; परंतु बदललेली आज्ञावली दुसऱ्यास द्याल, तर तिची मूळ संहिताही त्याच मोकळिकीने द्या आणि कर्त्याची नोंद पुसू नका. अँड्रॉइड फोनच्या गाभ्याशी असलेली 'लिनक्स' प्रणाली याच परवान्याखाली वाढली. ज्या स्वामित्वहक्काने एरवी कुंपण घातले जाते, त्याच्याच बळावर येथे फाटक उघडे राहिले.

ही अट देणाऱ्याच्या लाभासाठी नाही. पुढच्या घेणाऱ्यासाठी आहे. तलावाच्या पाटावर वरच्या बांधाच्या शेतकऱ्याने पाणी जरूर घ्यावे. पण ते अडवू नये, हा नियम शेवटच्या बांधासाठीच असतो. त्याने पाण्याचे दान कमी होत नाही, ते पोहोचते. म्हणून अशी अट प्रीतीच्या विरुद्ध नाही. प्रीतीला न्यायाची जोड मिळते, इतकेच.

तथापि परवान्यालाही मर्यादा आहे. तो कर्त्याचे नाव राखतो, त्याची भाकर राखत नाही. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देवघेव करण्याचा आणि आपले वाण नोंदवण्याचा हक्क दिला. परंतु देणाऱ्याच्या म्हातारपणी त्याची विचारपूस कोणी करावी, हे कोणत्याही कायद्यात लिहिता येत नाही. ते ऋण घेणाऱ्यांचे आहे; आणि वाचकहो, रोज हा भात जेवणारे आपण सारेच घेणारे आहोत.