कळसूबाईची अट



नवरात्र जवळ आले आहे. हिमायतनगरातील आपली कित्येक कुटुंबे या दिवसांत गावाकडील देवीच्या दर्शनास जातात. त्या निमित्ताने एका देवीचे आणि तिच्या डोंगराचे चिंतन आम्ही आपणांपुढे ठेवीत आहोत.

अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात कळसूबाईचे शिखर आहे. त्याची उंची १६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५४०० फूट. महाराष्ट्रात याहून उंच स्थान नाही. लाव्हारसाचे थर एकावर एक साचून हा काळा पाषाण घडला. भोवतालचे अरण्य १९८६ साली अभयारण्य म्हणून राखून ठेवण्यात आले. बारी गावाहून निघालेली वाट लोखंडी शिड्यांवरून माथ्यावर जाते. तेथे देवीचे लहानसे देऊळ आहे.

लोक कथा सांगतात, ती अशी. कळसू नावाची मुलगी पायथ्याच्या गावी एका घरी कामास राहिली. तिची अट एवढीच होती की, भांडी घासावयास आणि केर काढावयास मला सांगू नये. एके दिवशी घरच्यांनी तेच काम सांगितले. तिने ते निमूटपणे केले, पण मग ती डोंगरावर निघून गेली. ती पुन्हा खाली आली नाही.

आता त्या डोंगराचे हवामान पाहा. उंची हजार मीटरने वाढली की हवा सुमारे साडेसहा अंशांनी थंड होते. अरबी समुद्रावरून आलेले बाष्प सह्याद्रीला अडून वर चढते, थंड होते आणि धो धो बरसते. जवळच्या घाटघरी वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आपल्या हैदराबादेत तो सुमारे आठशे. परंतु कठीण खडक पाणी फारसे धरून ठेवीत नाही. जे माथ्यावर पडते, ते खाली वाहते. दक्षिण उताराचे पाणी १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणात व प्रवरेत जाते. उत्तरेकडचेही अखेर गोदावरीच्याच खोऱ्यात उतरते.

ही प्रवरा नेवाशावरून जाते, जेथे शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. पुढे प्रवरासंगमी ती गोदावरीस मिळते. मग पैठण, नांदेड, बासर. आणि त्याच गोदावरीचे पाणी येल्लमपल्लीच्या धरणातून २०१५ पासून आपल्या हैदराबाद शहरास पुरविले जात आहे. देवघरातील कलश भरताना आपण गंगा, यमुना, गोदावरी यांचे स्मरण करतो. त्या स्मरणात हा दूरचा डोंगरही आला पाहिजे.

आणि येथेच मन खंतावते. जिने केर काढण्यास नकार दिला, तिच्याच दारी आपण भक्त प्लास्टिकच्या पिशव्या, बाटल्या, अगरबत्तीची वेष्टणे टाकून येतो. नवस फेडावयास जावे आणि देवीची एकुलती एक अट मोडून यावे, याला भक्ती कसे म्हणावे? त्या पोरीने एकदा निमूटपणे केर काढला. आता तो कोण काढणार? कोणी न काढला तर पहिल्या पावसाबरोबर तो ओढ्यात जाईल, ओढ्यातून नदीत. माथ्यावर केलेले कर्म माथ्यावर राहत नाही. थोरांनी घरात जे करावे ते मुलांपर्यंत उतरते, तसेच हे आहे.

म्हणून या नवरात्रात आपण सर्वांनी एक लहान व्रत घ्यावे. कोणत्याही देवीच्या डोंगरी जाताना सोबत रिकामी पिशवी न्यावी. वर नेलेले सर्व काही खाली आणावे, आणि वाटेत दुसऱ्याचे पडलेले दिसले तर तेही उचलावे. ओटी भरून झाल्यावर, निघण्यापूर्वी, देवळासमोरची चार हात जागा मुलांकडून स्वच्छ करवून घ्यावी. ही सेवा देवीला पोहोचेल, असा आमचा विश्वास आहे. कळसूने नको म्हटलेले काम तिच्या लेकरांनी आनंदाने करावे, यातच तिचा मान आहे.