जुने वस्त्र आणि दान

त्र्यंबकेश्वराच्या आसपास, ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी जे पाडे आहेत, तेथे पाऊस फार व हिवाळ्यातील थंडीही कडक. म्हणून तेथे घरोघर गोधडी असते. उन्हाळ्यात शेतीचे काम नसते तेव्हा घरातील वृद्ध स्त्री आपले विरलेले लुगडे धुऊन जमिनीवर पसरते, त्यावर जुनेरांचे थर घालते, मोठ्या टाक्यांनी ते टाचून घेते, आणि कडेपासून आत फिरत धावदोरा घालीत जाते. एक गोधडी पुरी होण्यास कित्येक दुपारी खर्ची पडतात. लुगड्याचा जो भाग अद्याप धड असतो, त्यातून तान्ह्या मुलाचे झबले, टोपरे व दुपटे निघते.

हे केवळ दारिद्र्यामुळे घडते असे कोणी समजू नये. नव्या कापडास खळ असते व पाणी लागताच ते आटते. पुष्कळ वेळा धुतलेले सुती कापड मऊ होते, घाम शोषते व कोवळ्या अंगास बोचत नाही. हल्लीच्या नायलॉनच्या साडीत हा गुण नाही, हे आपल्या भगिनींनी ध्यानात ठेवावे.

आता प्रश्न असा की, जुने वस्त्र देणे हे प्रीतीचे कृत्य आहे की उपमर्द?

गतवर्षी सप्टेंबर महिन्यात अशाच एका पाड्यावर शहरातून जुन्या कपड्यांचे गाठोडे आले. ते मीच वाटले. पुढल्या महिन्यात नागली कणसावर असता मी पुन्हा तेथे गेलो, तो त्या गाठोड्यातील मुलीचा एक झगा शेतात बुजगावण्याच्या अंगावर दिसला. मला राग आला. देणाऱ्यांविषयी ही केवढी कृतघ्नता, असे मनात म्हणत मी त्या घरी गेलो. तेथे एक तान्हे मूल आजीच्या जुन्या लुगड्याच्या गोधडीवर स्वस्थ निजले होते. मी झग्याविषयी विचारताच आजी संकोचून म्हणाली, “पाळकसाहेब, त्याला एकही गुंडी नव्हती, आणि काखेत फाटला होता. पोरीनं तो घालून शाळेत जायचं कसं?”

मी निरुत्तर झालो. गाठोडे सोडताना तो झगा माझ्याच हातातून गेला होता, आणि मी तो पाहिला नव्हता.

प्रिय वाचकहो, गोधडी जुन्या कापडाची व झगाही जुनाच. मग भेद कशात? आपल्या लेकरासाठी आपण जुन्यातले उत्तम निवडतो, धुतो, फाटलेले काढून टाकतो व त्यात आपला वेळ शिवतो. गरिबासाठी मात्र पेटीत अडचण झालेली वस्तू बाहेर काढतो आणि तिला दान म्हणतो. कोणी म्हणेल, “ज्याला काहीच नाही, त्याने निवड का करावी?” परंतु उघड्या मुलालाही लाज असते. किंबहुना त्याच्यापाशी दुसरे काही नसल्यामुळे ती अधिकच जपावी लागते.

हन्ना दरवर्षी आपल्या शमुवेलासाठी लहानसा झगा करून शिलो येथे नेत असे. वर्षभरात मूल किती वाढले असेल, ह्याचा विचार तिला प्रत्येक वेळी करावा लागला असेल. यापो येथील दुर्कस मरण पावली तेव्हा विधवांनी रडत रडत पेत्राला तिने केलेली वस्त्रे दाखवली. ज्याला द्यावयाचे त्याचे अंग डोळ्यांपुढे आणल्यावाचून असे शिवणकाम होत नाही. दानाची खरी किंमत येथेच आहे; कापडाच्या नवेपणात ती नाही.

नाताळ जवळ येत आहे. मंडळीतील भगिनींनी एखादी दुपार एकत्र बसून काढावी. प्रत्येक वस्त्र उजेडात धरून पाहावे. गुंडी नसेल तर लावावी, नाहीतर बंद शिवावा. जे आपण आपल्या मुलाच्या अंगावर घालणार नाही, ते गाठोड्यात घालू नये; त्याचे पुसणे करावे. पुरुषांनीही दोरा, सुया व गुंड्या आणून द्याव्यात.

मी स्वतः गुंडी लावावयास शिकलो आहे. टाके वेडेवाकडे पडतात, तथापि गुंडी टिकते.