रिकाम्या देव्हाऱ्यात काय ठेवाल?



१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पूज्य भदन्त चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतली व नंतर लाखो अनुयायांना २२ प्रतिज्ञा दिल्या. त्या जनसागरात पांढरे लुगडे नेसून, भाकरी फडक्यात बांधून गेलेली एक माता पुढे आमच्या शेजारी राहत असे. सारी वस्ती तिला आजी म्हणे. तिला अक्षरओळख नव्हती. पण धम्म तिला कळला होता.

आमच्या घराने दीक्षा घेतली ती १९८२ साली. देव्हाऱ्यातले टाक व तसबिरी आम्ही नदीत सोडल्या. पुढच्या पावसाळ्यात माझा चार वर्षांचा मुलगा तापाने फणफणला. तिसऱ्या रात्री तो बरळू लागला. "मरीमाय कोपली," असे कोणी तरी म्हणाले आणि आईने उतरवून टाकायला लिंबू काढले. मला २२ प्रतिज्ञा तोंडपाठ होत्या. तरी देवरशाला आणायला मीच निघालो.

दारात आजी उभी होती. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, "बापू, देव्हारा खाली केला, पण भेव कुठी ठेवलं?"

मग तिने सांगितले की दीक्षेच्या आदल्या वर्षी तिचा थोरला असाच तापला होता. "कोंबडं कापलं, लिंबू उतरवलं, दवाखाना उद्यावर ठेवला. तो उद्या काही उगवला नाही."

तिनेच मुलाला कडेवर घेतले. आम्ही त्याच रात्री सरकारी दवाखाना गाठला. मुदतीचा ताप निघाला. आजी पहाटेपर्यंत त्याच्या कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवीत बसली. मुलगा वाचला.

बांधवहो, किसा गोतमी मेलेले मूल उराशी धरून तथागतांकडे आली, तेव्हा त्यांनी तिला ताईत दिला नाही की चमत्कार केला नाही. ज्या घरात कोणी मेले नाही तेथून मोहरी आण, असे सांगितले. दारोदार फिरून तिला सत्य कळले व पुढे ती भिक्खुणी झाली. आमच्या आजीनेही आपले दुःख उगाळले नाही; ते दुसऱ्याच्या लेकरासाठी कामी आणले. प्रज्ञा आणि करुणा यांहून वेगळ्या काय असतात?

२२ प्रतिज्ञांपैकी काही आपण काय सोडावे ते सांगतात, काही काय धरावे ते सांगतात. आपण पहिल्या भागावरच थांबतो. देव गेले की जागा रिकामी होते, आणि रिकाम्या जागेत जुनी भीती परत शिरते. २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. तो भोंदूला शिक्षा करील. मनातली भीती काढणे हे मात्र आपलेच काम आहे. ती भीती शिव्यांनी जात नाही. कोणी जवळ येऊन बसले की जाते.

म्हणून शेजारच्या घरात लेकरू आजारी पडले, तर देवरशाच्या आधी तुमचे पाऊल तेथे पडू द्या. दवाखान्यापर्यंत सोबत जा, रात्र जागा. आजी आता नाही. पण तिचा प्रश्न आजही आमच्या दारात उभा आहे. तो आपापल्या घरी एकदा विचारून पाहा.

जयभीम! जय बुद्ध!