विचारलं की मागितलं?

परवा हिंजवडीला चिरंजीवांकडे मुक्कामाला गेलो होतो. ‘मुक्कामाला’ अशासाठी, की पेठेतून तिथे पोचेपर्यंत त्याच दिवशी परत यायची उमेद राहत नाही. चिरंजीव फोन कानाला लावून हॉलमध्ये येरझारा घालत होते. मध्येच थांबून म्हणाले, “ते ठीक आहे, पण व्हॉट इज द आस्क?”

मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं. ‘आस्क’ या क्रियापदाला ‘द’ लावणाऱ्याला मी बाकावर उभं केलं असतं. हात शिवशिवले म्हणून कोश काढला, तर हे नामरूपी ‘आस्क’ हजारेक वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीतही होतं असं निघालं! म्हणजे बाकावर मीच.

कोशात आणखी एक गंमत सापडली. आस्क आणि संस्कृतातलं ‘इच्छति’ एकाच कुळातले. म्हणूनच की काय, इंग्रजाला पत्ता विचारायलाही आस्क पुरतं आणि पैसे मागायलाही. मागायचं असेल तर पुढे एक ‘फॉर’ जोडला की झालं. आपल्याकडे असं खपत नाही. दुकानदाराला पैसे विचारले तर आपण द्यायचे, मागितले तर त्यानं द्यायचे! शिवाय विचारण्यात ‘विचार’ आहे, आणि तो समोरच्यानं करायचा असतो.

हे मराठीचं कौतुक झालं. व्यवहारात आम्ही काय करतो? “बाळ, जरा दूध आणतोस का?” हा प्रश्न मी चिरंजीवांना पंधरा वर्षं विचारला. वाक्य प्रश्नार्थक, ‘का’ जागच्या जागी. पण ‘नाही’ हे उत्तर त्याला उपलब्ध नव्हतं. एकदाच त्यानं ते देऊन पाहिलं. पुढचं लिहीत नाही.

चिरंजीवांच्या खिडकीतून आयटी पार्कच्या काचेच्या इमारती दिसतात. त्यांच्या जागी शेतं होती. औद्योगिक विकास महामंडळानं जमीन घ्यायची ती १९६१ च्या कायद्यानं, आणि त्या कायद्यात मालकाला आधी नोटीस द्यावी लागते : जमीन का घेऊ नये, याचं कारण दाखवा. पाहा, इथेही ‘का’! माझ्या दुधाच्या प्रश्नाचाच हा थोरला भाऊ. त्यापेक्षा गावच्या म्हातोबाला नवस बोलणारा बरा. तो उघड मागतो, आणि बदल्यात काय देणार तेही आधीच सांगतो.

फोन संपला. “बोला बाबा, काही हवं होतं का?”

हवं होतं. ही गेल्यापासून पेठेतलं घर संध्याकाळनंतर अंगावर येतं. ‘मी इथेच राहिलो तर चालेल का?’ हे वाक्य मी बसमध्ये दीड तास घोकलं होतं. शब्द फिरवून पाहिले, स्वर बदलून पाहिला. पण ज्याला ‘नाही’ म्हणता येईल असं ते होईना. ज्या पोराला मी ‘नाही’ म्हणू दिलं नाही, त्याला ते आता या वयात कुठून जमावं?

“बाबा?”

“काही नाही रे. सूनबाईंना विचार, दूध आणायचंय का.”

“आणायचंय. पण मी जातो ना!”

“नको,” मी म्हणालो, आणि पिशवी घेऊन खाली उतरलो.