मेघाखालचा दिवस



आभाळ भरून आले की आपण सहज म्हणतो, "आज सूर्य नाही." तसे खरोखर असते, तर ती रात्रच झाली असती. झाकोळलेला दिवसही दिवसच असतो. असे का, याचा थोडा विचार करा.

पृथ्वीवर येणाऱ्या सूर्यप्रकाशापैकी सुमारे ३० टक्के प्रकाश अवकाशात परत जातो, आणि त्यातला मोठा वाटा मेघांनी परतवलेला असतो. कोणत्याही क्षणी पृथ्वीचा सुमारे दोन तृतीयांश भाग मेघांनी आच्छादलेला असतो. तेव्हा मेघामुळे प्रकाश कमी होतो, हे सत्य आहे. दुःखात असलेल्या बंधूला 'तुझा ढग हा केवळ भास आहे' असे आपण कधीही सांगू नये.

परंतु मेघ कशाचा बनलेला असतो? बहुधा मिलिमीटरच्या सुमारे पन्नासाव्या भागाएवढ्या जलबिंदूंचा. हे बिंदू काळे नसून पारदर्शक असतात. ते प्रकाश फारसा गिळत नाहीत. त्याची दिशा बदलतात. काही प्रकाश वर परततो, उरलेला विखरून खाली झिरपतो. म्हणूनच खालून काळा दिसणारा मेघ वरून शुभ्र दिसतो. अशा दिवशी आपली सावली पडत नाही. पण एरवी सावलीत राहणाऱ्या झाडाच्या आतल्या पानांनाही उजेड मिळतो. रात्री तोच मेघ धरणीची ऊब धरून ठेवतो.

इब्री शास्त्रात मेघासाठी 'अनान' आणि निबिड अंधारासाठी 'अराफेल' असे शब्द आहेत. सीनाय पर्वतापाशी लोक दूर उभे राहिले. मोशे मात्र त्या 'अराफेल'कडे गेला, आणि देव तेथेच होता (निर्गम २०:२१). पुढे चोविसाव्या अध्यायात मेघाने सहा दिवस पर्वत झाकला. सातव्या दिवशी वाणी झाली, ती मेघातूनच. मेघ हटेपर्यंत देव थांबला नाही. मत्तय १७:५ मध्ये तर शिष्यांवर छाया करणाऱ्या मेघालाच तेजस्वी म्हटले आहे.

प्रियांनो, तुमच्या घरी दीर्घ आजार आहे काय? वर्षानुवर्षे केलेल्या एखाद्या प्रार्थनेला उत्तर मिळालेले नाही काय? उजेड कमी झाला आहे, हे देवाला स्पष्ट सांगा. त्यात अविश्वास नाही. मात्र सहा दिवसांच्या मौनाला कंटाळून पर्वत सोडू नका. झाकोळलेल्या दिवशी ज्या उजेडात तुम्ही शास्त्र उघडता, तो उजेडही सूर्याचाच असतो.

प्रभू तुम्हांस धीर देवो. आमेन.